डोक्यावर ओझे नाही अशी वाट

(सदर : उंबरठ्याबाहेर)



आमचे टेंभुर्णी हे रस्त्यांचे गाव आहे. पुणे-सोलापूर महामार्ग गावाला लागून जातो. एक रस्ता करमाळ्यावरून नगरला निघतो, एक कुर्डुवाडीवरून बार्शीकडे, एक अकलूजला आणि एक पंढरपूरला. रात्रंदिवस वाहनांची वर्दळ असते. पण याच रस्त्यांच्या कडेला ज्यांचा जन्म गेला, त्या आपल्या आया-बहिणी या रस्त्यांनी कशासाठी गेल्या? उसाच्या खुरपणीला, रोजगार हमीच्या खडीला, लेकीच्या बाळंतपणाला, मयतीला. फार झाले तर ६ डिसेंबरला चैत्यभूमीला, तेही गर्दीत उभ्याने जाऊन उभ्यानेच परत. नुसते पाहण्यासाठी आणि नुसते चालण्यासाठी आमच्या घरातली बाई कधी बाहेर पडली होती, असे मी स्वतःला विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. त्याची गोष्ट आज सांगणार आहे.

आमच्या घरात आत्याबाई आहेत. माझ्या मालकांच्या सख्ख्या आत्या. वय ७६. तरुणपणीच कपाळ पांढरे झाले आणि त्या माहेरी परत आल्या. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, नंतर दुसऱ्याच्या रानात खुरपले, आणि भावाची चार मुले शिकवली. आज घरात जे दोन घास सुखाचे आहेत ते त्यांच्या हातांचे आहेत.

गेल्या आषाढीला दिंड्या गावावरून चालल्या होत्या. आत्याबाई ओट्यावर बसून पाहत होत्या. एकाएकी म्हणाल्या, "मला एकदा पंढरपूरला न्या."

घरात शांतता पसरली. ज्या घरात रोज सकाळी वंदना होते, भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची तसबीर आहे, त्या घरात हा शब्द! मालक चिडले. म्हणाले, "आत्या, बाबासाहेबांनी एवढं केलं ते यासाठी का?" मी तरी कुठे मागे राहिले? मीही चार गोष्टी सुनावल्या. बाई काही बोलल्या नाहीत. दोन दिवस त्या नीट जेवल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी डाळ निवडता निवडता त्या आपण होऊन बोलल्या. "देवाला जायचं कोन म्हनलं गं? देव तर माझ्या बापानं छप्पन सालानंतर टोपलीत घालून भीमेत सोडलं. मी बारकी हुते, संगं गेलेवते. मला त्या बायांवानी चालायचं हुतं. आषाढीला बाया गात गात जायच्या, आन् आपून बांधावर खुरपं घिऊन बगत बसायचं. मला वाटायचं, ह्या बायांना कामावर जायाचं न्हाई, आन् तरी ह्या चालत्यात!"

भगिनींनो, हे ऐकून मला मान वर करवेना. पंढरपूर आमच्यापासून ५० किलोमीटरच्या आत. आत्याबाईंच्या आईच्या काळी देवळात पाऊल टाकता येत नव्हते, चोखोबाच्या समाधीपाशीच थांबावे लागे. १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते देऊळ खुले झाले. पुढे धम्मदीक्षा झाली आणि आपल्याला त्या वाटेची गरज उरली नाही. हे सर्व योग्यच झाले. पण वारीची वाट सोडल्यावर आपल्या बाईला दुसरी कोणती वाट दिली? देव गेला त्याचे दुःख नाही. त्याच्याबरोबर तिचे चार दिवसांचे चालणेही गेले, त्याचा विचार आम्ही केला नाही.

रमाईची इच्छा

माता रमाईलाही पंढरपूरला जायचे होते, हे बाबासाहेबांच्या चरित्रात वाचायला मिळते. बाबासाहेबांनी तिला नकार दिला. जिथे भक्ताला दूर उभे राहावे लागते तिथे जाऊन काय करायचे, आपण आपली दुसरी पंढरी निर्माण करू, असे त्यांनी समजावले. तो शब्द त्यांनी १९५६ साली नागपुरात खरा केला. पण ते पाहायला रमाई नव्हती. २७ मे १९३५ रोजी राजगृहात तिने शेवटचा श्वास घेतला.

मी आत्याबाईंना ही हकिगत सांगितली. त्यांनी विचारले, "मग रमाईचं गाव कुठलं?" मी सांगितले, वणंद. दापोलीजवळ, कोकणात, समुद्राच्या मुलखात. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आई-वडील लवकर गेले आणि लहानपणीच पोरके होऊन ही भावंडे नातेवाइकांबरोबर मुंबईला आली.

आत्याबाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "तिला आपल्याकडं यायचं हुतं, तिला येता आलं न्हाई. मग आपून तिच्याकडं जाऊ."

अशी आमची सहल ठरली.

घर घेऊन निघालो

पुतण्याकडे लग्नाच्या वऱ्हाडाची मोठी गाडी आहे, टेम्पो ट्रॅव्हलर. तिचेच चार दिवस घर करायचे ठरले. परदेशात लोक झोपायची-रांधायची सोय असलेली कॅम्पर व्हॅन घेऊन महिनोन्महिने फिरतात. आपल्याकडे त्याला कॅरॅव्हॅन म्हणतात आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ साली त्यासाठी पर्यटन धोरणही आणले. तसली गाडी भाड्याने घेणे आपल्याला परवडणारे नाही. वाहनात कायमचा बदल करायचा तर परिवहन कार्यालयाची परवानगी लागते, म्हणून आसने काढली नाहीत. रात्री दोन रांगांमध्ये फळ्या टाकायच्या, वर गाद्या अंथरायच्या. बाया-मुले गाडीत, पुरुषमाणसे खाली ताडपत्रीवर. दोन पाण्याचे कॅन, एक शेगडी, कंदिलाऐवजी चार्जिंगचा दिवा. स्वयंपाक मात्र नेहमी गाडीच्या बाहेर, मोकळ्यावर.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? लॉज काय कमी आहेत? खर्च वाचतो हे खरे आहे. पण दुसरेही कारण आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही असेच एका गावी उतरलो होतो. गावाचे नाव लिहीत नाही. खोल्या दाखवल्या, भाडे ठरले. मग वहीत आडनाव लिहिले, गाडीच्या काचेवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहिला, आणि खोल्या एकाएकी भरल्या. मुलांनी विचारले, "आत्ताच तर रिकाम्या होत्या ना?" त्या प्रश्नाला काय सांगायचे? म्हणून या वेळी घरच बरोबर घेतले.

जाताना गाडीत मुलांना एक गोष्ट सांगितली. १९०१ साली बाबासाहेब लहान असताना भावंडांबरोबर वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनवर उतरले. अंगावर चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तर आधी गोडीने बोलला, पण जात कळताच त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवान त्यांना घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि बैलगाडी मुलांनीच हाकायची, गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. प्रवासात रात्र झाली, जवळ जेवण होते, पण पाणी कोणी दिले नाही, म्हणून मुले उपाशी राहिली. पुढे विलायतेहून शिकून आल्यावरही, १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांना न्यायला नकार दिला. मग सवय नसलेल्या माणसाने टांगा हाकला आणि अपघात होऊन त्यांना इजा झाली.

माझ्या नातीने गाडी चालवणाऱ्या काकाकडे पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे आपली स्वतःची गाडी आहे हे केवढं मोठं आहे!" बारा वर्षांची मुलगी. याहून अधिक काय समजायचे असते?

महाड आणि दासगाव

जानेवारीच्या शेवटी, २६ तारखेची सुट्टी जोडून निघालो. अकलूज, नातेपुते, फलटण, वाई, महाबळेश्वर, आणि आंबेनळी घाट उतरून पोलादपूर. रात्री महाड. दुसऱ्या दिवशी सकाळी चवदार तळ्यावर वंदना घेतली. २० मार्च १९२७ चा तो दिवस आपल्या मुलांना पाठ आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. आत्याबाई पायरीवर बसून खूप वेळ पाण्याकडे पाहत होत्या. दुष्काळात पाण्यासाठी पायपीट केलेल्या बाईला तळ्याची किंमत भाषणातून सांगावी लागत नाही.

तेथून मुंबईच्या बाजूला काही किलोमीटरवर सावित्रीच्या खाडीकाठी दासगाव आहे. तिथे मी मुद्दाम गाडी थांबवली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसरी परिषद होती. बाबासाहेब दोनशेहून अधिक सहकाऱ्यांसह २४ डिसेंबरला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले. धरमतरला उतरून मोटारीने महाड गाठणे सोयीचे होते. पण तिथले मोटारवाले ऐनवेळी बसवून घ्यायला नकार देतील ही धास्ती होती. म्हणून समुद्रमार्गे थेट दासगाव बंदर गाठले. २५ तारखेला दुपारी ते उतरले. बाबासाहेबांना कलेक्टरच्या भेटीसाठी पुढे जावे लागले आणि बाकीचे सत्याग्रही रांगा धरून घोषणा देत चालत निघाले. महाडपर्यंत पाच मैल. त्याच रात्री महाडात मनुस्मृतीचे दहन झाले.

भगिनींनो, त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले होते. जात ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, गळ्या-हातातले जड दागिने टाका, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. अंगावरचे ओझे आधी उतरवा, हाच त्याचा अर्थ. हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे समुद्रकाठी मला तेच आठवले.

दुपारी मंडणगड तालुक्यातील आंबडवे पाहिले. बाबासाहेबांचे मूळ गाव. संध्याकाळी दापोली. सुभेदार रामजी निवृत्तीनंतर काही काळ येथे राहिले होते. इथूनच गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८० नंतरच्या काळात लेखणी हाती घेतली. लष्करातून निवृत्त झालेला हा महार शिपाई, पण १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहून त्याने अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार कुठे आहे, असा सवाल धर्ममार्तंडांना केला. रात्री एका बौद्धवाडीत विहारापाशी गाडी लावली. कोकणातले आपले बांधव फार मायेचे. न मागता पाणी दिले, सकाळी चहा पाठवला, आणि "उद्या ओहोटी सकाळची आहे, लवकर निघा" हा सल्ला दिला. तो फार उपयोगी पडला.

कर्दे ते हर्णै

आमची वाट अशी ठरली होती. कर्दे गावच्या किनाऱ्यावर उतरायचे, समुद्र डाव्या हाताला ठेवून उत्तरेला मुरुड गाठायचे, तिथे दुपार काढायची आणि संध्याकाळपर्यंत हर्णै बंदर. सगळे मिळून नऊ-दहा किलोमीटर. बराचसा भाग वाळूतून, मुरुडच्या पुढे काही ठिकाणी रस्त्याने. पुतण्या गाडी घेऊन मुरुडला थांबणार होता, म्हणजे आत्याबाईंना तिथून गाडीत बसवता येईल.

सकाळी सातला वाळूवर आलो. आत्याबाईंनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारले, "उजनीपेक्षा मोठं हाय का गं?" सगळे हसले. त्याही हसल्या. उजनीचे भरलेले धरण हेच आमच्याकडचे सर्वांत मोठे पाणी. त्यांनी ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थू करून टाकली. "येवढं पानी, आन् घोटभर कामाचं न्हाई!"

ओहोटीला मागे सरलेल्या पाण्याने वाळू ओली आणि घट्ट होते. तिच्यावरून रस्त्यासारखे चालता येते. कोरड्या वाळूत मात्र पाय रुततो आणि पोटऱ्या भरून येतात. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, पाणी फार आत येते. अष्टमीच्या सुमारास जोर कमी, त्याला कोकणात भांग म्हणतात. समुद्राकाठी चालायचे तर हा हिशेब गावातल्या कोळी बांधवाला विचारूनच निघावे.

वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी पसरलेली होती. नातीला वाटले कोणी रांगोळी काढली आहे. ती लहान खेकड्यांची करामत. वाळू तोंडात घेऊन तिच्यातले अन्न काढून घ्यायचे आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकायची. कडेने सुरूची झाडे. या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालायला येतात. मंडणगड तालुक्यातील वेळास गावाने २००२ पासून त्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले आणि नंतर इतर गावांनीही ते उचलले.

आम्ही निघालो खरे, पण अर्ध्या तासात माझ्या लक्षात आले की आत्याबाईंची चाल काहीतरी वेगळी आहे. त्या दोन पावले टाकायच्या आणि हात डोक्याकडे न्यायच्या. पुन्हा खाली सोडायच्या. मग पदराला धरायच्या. मी विचारले, "डोकं दुखतंय का?"

त्या लाजल्या. म्हणाल्या, "न्हाई गं. डोक्यावर काय न्हाई, म्हनून हात कुठं ठिवावं ते कळंना."

मी तिथेच थांबले. सत्तर वर्षांत ही बाई डोक्यावर पाटी, भारा, हंडा, घमेले यांपैकी काही नसताना एवढी लांब कधी चाललीच नव्हती. मोकळे चालणे तिच्या अंगाला माहीतच नव्हते. आपण समतेवर भाषणे करतो, लेख लिहितो, आणि घरातल्या बाईच्या डोक्यावरून पाटी उतरली की नाही हे पाहायचे राहून जाते. मी काही बोलले नाही. नातीने मात्र फार शहाणपणा केला. तिने पुढे होऊन त्यांचा एक हात आपल्या हातात घेतला आणि दुसरा सुनेला दिला. हातांचा प्रश्न मिटला.

मुरुडला पोचलो तेव्हा दहा वाजायला आले होते. तरुण मंडळी दमली होती, चपला हातात आल्या होत्या. आत्याबाईंना काही नाही. सुरूच्या सावलीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा असे सोलापुरी जेवण झाले. मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. शाळकरी वयात परीक्षेसाठी ते इथून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. पुढे १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. उच्च जातीत जन्मलेल्या माणसालाही बाईची बाजू घेतल्यावर गावाने सोडले नाही. ही गोष्ट आत्याबाईंनी कान देऊन ऐकली. तरुणपणी विधवा झालेली बाई. ऐकून झाल्यावर एवढेच म्हणाल्या, "चांगला मानूस हुता."

पुतण्याने गाडीचे दार उघडले. "आत्या, बसा आता." त्या उठल्या, पदर खोचला आणि वाळूकडे चालू लागल्या. "तू जा गाडी घिऊन. मी येते चालत." मालकांनी समजावले, उन्हाची भीती घातली. त्यावर उत्तर आले, "बहात्तर साली उन्हात खडी फोडली तवा कोन आलं हुतं गाडी घिऊन?" पुढे कोणाची बोलायची छाती झाली नाही. तरीही मी हट्टाने ऊन उतरेपर्यंत त्यांना निजवले, गुळाचे पाणी पाजले आणि तीननंतरच निघालो. भरती चढू लागली होती, म्हणून जिथे किनारा अरुंद होता तिथे आम्ही वाळू सोडून रस्ता धरला.

हर्णैच्या पाट्या

समोर समुद्रात सुवर्णदुर्ग आणि किनाऱ्यावर दीपगृह दिसू लागले तसा वाऱ्यावर मासळीचा वास आला. संध्याकाळी हर्णै बंदरात मासळीचा लिलाव असतो. होड्या लागलेल्या, बैलगाड्या पाण्यात उतरून माल काठाला आणत होत्या, कोलंबी-सुरमई-पापलेटचे ढीग वाळूवर, आणि बोली चाललेली. आमच्याकडच्या जनावरांच्या बाजारापेक्षा गलका जास्त.

एक कोळीण मावशी भरलेली पाटी उचलायला कोणाची तरी वाट पाहत उभी होती. आम्ही काही समजायच्या आत आत्याबाई पुढे गेल्या, वाकल्या आणि पाटीला हात लावला. त्या मावशीने डोक्यावर चुंबळ ठेवली होती. दोघींनी मिळून पाटी उचलली, एका दमात, जशा काही वर्षानुवर्षे बरोबर कामाला आहेत. मावशी हसली आणि म्हणाली, "माय, सवय आहे तुला." आणि झपाझप निघून गेली.

आत्याबाई तिच्या पाठीकडे पाहत राहिल्या. पाटीतून पाणी गळून तिची पाठ भिजली होती. मग त्यांनी मला विचारले, "रमाईचा बाप असंच वाहत हुता?"

मी म्हटले, "हो. दाभोळला."

"आन् रमाईनं मुंबईत गवऱ्या वाहिल्या."

"हो."

"तिचं वझं कवा उतरलं गं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. रमाईने चार लेकरे पुरली, उपास काढले, पतीच्या शिक्षणासाठी आणि चळवळीसाठी सगळे अंगावर घेतले. १९४० साली बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयीचा आपला ग्रंथ तिला अर्पण केला. पण ती त्या वेळी ते पाहायला नव्हती. समोरच्या त्याच समुद्रावरून १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला गेले, आणि मागे राहिलेल्या बाईने संसार ओढला. आपण तिला त्यागमूर्ती म्हणतो. म्हटलेच पाहिजे. पण तिच्या त्यागाचे गुणगान करता करता आपल्या घरातल्या बाईकडूनही तसाच त्याग मागत राहणे, हा काही रमाईचा गौरव नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वणंदला गेलो. रमाईच्या स्मारकापाशी त्रिशरण-पंचशील घेतले. आत्याबाई इतरांसारख्या हात जोडून उभ्या राहिल्या नाहीत. त्या जमिनीवर पाय पसरून बसल्या, जशी बाई माहेरच्या ओसरीवर बसते. कोणी त्यांना उठवले नाही.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

ज्यांना अशी सहल काढायची असेल त्यांच्यासाठी थोडे लिहिते. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत जावे. पावसाळ्यात समुद्राकाठचे चालणे आणि घाट दोन्ही धोक्याचे. चालण्याचा दिवस ओहोटीच्या वेळेवरून ठरवावा. माणशी दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, डोक्याला रुमाल आणि अडकून राहणाऱ्या चपला घ्याव्यात. अनोळखी पाण्यात पोहायला उतरू नये, मुलांना तर नाहीच. वयस्कर माणसासाठी मध्ये एका ठिकाणी गाडी थांबलेली असावी, मग ते बसोत की न बसोत. रात्री गाडी लावताना वाडीत विचारून लावावी, सकाळी जागा झाडून निघावे. तीन-चार घरांनी मिळून डिझेलचा खर्च वाटून घेतला तर कोणालाच जड जात नाही. आणि एक महत्त्वाचे : सहलीत स्वयंपाक बायांच्याच गळ्यात पडू नये. आमच्याकडे चार दिवस भाकरी घरून नेलेल्या होत्या आणि पिठले पुरुषांनी केले. दोनदा करपले, पण खाल्ले.

सहल ही श्रीमंतांची चैन आहे असे काही कार्यकर्ते मानतात. त्यांनी एक आठवावे. १९३४ साली चळवळीतील सहकाऱ्यांनी सहलीची इच्छा बोलून दाखवली तेव्हा बाबासाहेब त्यांच्याबरोबर निघाले. वेरुळची बौद्ध लेणी पाहायचीच, असा बेत होता. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर धुळीने माखलेल्या या मंडळींनी हौदात हातपाय धुतले, तर पाणी बाटवले म्हणून गर्दी अंगावर आली. पाण्याला शिवू नये म्हणून एक हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन त्यांना किल्ला दाखवला गेला. एवढे कष्टाचे जीवन, एवढा कामाचा डोंगर, तरी पाहायला जाणे त्यांनी कमी महत्त्वाचे मानले नाही.

परत आल्यावर आठ दिवसांनी मी आत्याबाईंना विचारले, आता पंढरपूरला जायचे का, मी स्वतः नेते, नदी पाहून येऊ. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "आता नगं. बाबासाहेबांनी येरूळ बगितलं न्हवं? मग मी बी येरूळ बगनार. चालायला लई हाय का तितं?"

मी म्हटले, "पुष्कळ आहे."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या, आणि डाळ निवडायला बसल्या.

जयभीम.